आई, मी रश करतेय

“आई, मी रश करतेय.”
“अगं, मग सावकाश आवर. नंतर बोलू.”

हा संवाद त्या आईनेच मला सांगितला. “ताई, मी फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. मला वाटलं, पोरगी घाईत आहे.” रश म्हणजे सोरोरिटीत, कॉलेजातल्या मुलींच्या क्लबात, जाण्यासाठीच्या निवडफेऱ्या, हे त्यांना चार दिवसांनी कळलं. रात्री दीड वाजता नवऱ्याने यूट्यूब बघून त्यांना उठवलं तेव्हा.

मी न्यू जर्सीत मराठी कुटुंबांचं समुपदेशन करते. ऑगस्ट आणि जानेवारी उजाडला की हा प्रश्न येतोच. मुलगी सोरोरिटीत किंवा मुलगा फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या तशाच क्लबात, जायचं म्हणतो, तिथे दारू आणि रॅगिंग असतं ना? नाही म्हणू का? हे कुटुंब त्यांतलंच. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल ते सगळं बदलून लिहितेय.

मुलगी पेनसिल्व्हेनियात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. वडील इंजिनिअर. त्यांनी निकाल देऊन टाकला होता, “फी मी भरतो. जायचं नाही. विषय संपला.” विषय संपला नाही, मुलीचे फोन संपले. आईच्या मेसेजला फक्त अंगठा यायचा.

वडिलांची भीती पोकळ नव्हती. २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीत नव्या मुलांना भराभर दारू पाजली गेली. त्यांतला टिमथी पियाझा तळघराच्या जिन्यावरून पडला आणि मदतीसाठी फोन केला गेला तो जवळपास बारा तासांनी. तो वाचला नाही. १९ वर्षांचा मुलगा, आमच्या न्यू जर्सीचाच. वडिलांना हे सगळं तासावार पाठ होतं.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर तिघंही होते. मी एकच विचारलं, “हे तुम्हाला कुणाकडून कळलं?”

मुलीला टिकटॉकवरून. २०२१ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या मुलींनी ‘आज रशला काय घातलंय’ असे व्हिडिओ टाकले आणि ‘बामा रश’ जगभर पोचलं. ही तेव्हा शाळेत होती. त्यात भर रूममेटच्या बहिणीची. वडिलांना बातम्यांतून, आईंना त्यांच्या वहिनींकडून, आणि वहिनींना कुणाकडून ते आईंनाही सांगता येईना. घर घेताना इन्स्पेक्शनशिवाय सही न करणारी आपण माणसं! पण मुलीच्या चार वर्षांचा निर्णय ऐकीव माहितीवर चालला होता, आणि तोही दोन्ही बाजूंनी.

मी गृहपाठ दिला, तिघांनाही तोच. विद्यापीठाच्या वेबसाइटवर फ्रॅटर्निटी-सोरोरिटी विभाग असतो. तिथे बघा, कुठला चॅप्टर, म्हणजे त्या कॅम्पसवरची शाखा, मान्यताप्राप्त आहे, कुठला निलंबित. पियाझाच्या नावाने पेनसिल्व्हेनियात २०१८ मध्ये कायदा झाला. तेव्हापासून तिथल्या कॉलेजांना हेझिंगच्या, म्हणजे तिथल्या रॅगिंगच्या, प्रकरणांचा अहवाल जाहीर करावा लागतो. (डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचाही कायदा आला, त्यामुळे हे आता देशभर लागू आहे.) शिवाय मुलीने दोन-तीन चॅप्टरमधल्या जुन्या मुलींना भेटून पैशांचं विचारायचं. आणि एखादी सोडून गेलेली शोधायची, तिला जास्त वेळ द्यायचा.

वडिलांनी अर्थातच एक्सेल शीट केली. आई म्हणाल्या, “निदान आता ओरडत नाहीत, रकाने भरतात.”

पुढच्या वेळी मुलगी जरा जमिनीवर येऊन बोलत होती. वर्गणी चार आकडी, आणि पहिल्या सेमिस्टरला जास्त, हे तिला माहीत नव्हतं. सहीचंही नव्हतं. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही १९०२ पासूनची संघटना, तिच्यात २६ सोरोरिटी आहेत. रशच्या शेवटच्या फेरीनंतर मुली पसंतीक्रम लिहून सही करतात. सही करून आलेलं आमंत्रण नाकारलं, तर त्या कॅम्पसवर या २६ पैकी दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत पुढच्या मुख्य रशपर्यंत जाता येत नाही. हे बंधन आहे, आणि ते कपड्यांच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

आईंनी शोधलं होतं की या सोरोरिटींच्या घरांत दारू चालत नाही. त्यांना हायसं वाटलं. ते मला मोडावं लागलं, कारण म्हणूनच पार्ट्या फ्रॅटर्निटीच्या घरी होतात. मग त्यांनी दुसरा पर्याय काढला, “आपल्या मुलींच्या असतात ना हो सोरोरिटी? तिथे जाऊ दे.” असतात. कप्पा फाय गॅमा ऑस्टिनला आणि डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टनला, दोन्ही १९९८ मध्ये दक्षिण आशियाई मुलींनी सुरू केल्या. चांगल्या मैत्रिणी मिळालेल्या मुली मला माहीत आहेत. पण ‘आपले’ म्हणजे सुरक्षित, हे आपल्या आईवडिलांचं सगळ्यात लाडकं गृहीतक. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॉलेजातला विद्यार्थी पोकोनोजच्या डोंगरात हेझिंगमध्ये जिवानिशी गेला, ती फ्रॅटर्निटी आशियाई-अमेरिकन मुलांचीच होती.

इथपर्यंत सगळी माहितीच. मग मी मुलीला विचारलं, तुला जायचंय कशाला? तिने आधी ‘नेटवर्किंग’ वगैरे सांगितलं. मी गप्प राहिले. मग ती म्हणाली, “शनिवारी रूममेट घरी जाते. मी डायनिंग हॉलमधून डब्यात जेवण भरून रूमवर आणते. म्हणजे मी एकटी जेवतेय हे कुणाला दिसत नाही.”

आई रडू लागल्या. वडिलांनी कॅमेरा बंद केला. पाच मिनिटांनी तो सुरू झाला आणि ते मराठीत, मुलीला कळेल इतकं हळू बोलायला लागले.

“तिसरं बटण माहितीये तुला?”

महाराष्ट्रातल्या हॉस्टेलवर राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. सीनियर समोर आला की मान खाली, नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. रॅगिंगविरोधी कायदा आपल्याकडे १९९९ चा, वडील त्याच्या आधीच्या काळातले. हॉस्टेलवर त्यांना एका रात्री अंतर्वस्त्रांवर गच्चीत उभं केलं होतं, डिसेंबरात. त्याच सीनियरने पुढे नोट्स दिल्या, पहिल्या नोकरीसाठी शब्द टाकला. “म्हणून मी वीस वर्षं सांगत आलो की रॅगिंगनेच ओळखी होतात. गच्चीचं कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही.”

मुलीने विचारलं, “बाबा, तुम्ही खाली का नाही निघून गेलात?”

“खाली गेलो असतो तर जेवायला कुणाजवळ बसणार होतो?”

माझ्या मते हेझिंग कसं चालतं ते तिला त्या वाक्यात कळलं. माझ्या कुठल्याही तक्त्याने ते कळलं नसतं. पालक मला विचारतात, हो म्हणू की नाही. मी विचारते, तुमच्या हॉस्टेलचं मुलांना सांगितलंय का? बहुतेकांनी सांगितलेलं नसतं, किंवा फक्त गमतीचा भाग सांगितलेला असतो.

त्या जानेवारीत तिने सही केली नाही. दुसऱ्या वर्षी, चार ओळखी झाल्यावर, एका सोरोरिटीत गेली. वडिलांनी दोन गोष्टी मागितल्या. ‘तिसरं बटण’ एवढा मेसेज आला की प्रश्न न विचारता फोन करायचा, हे एक. दुसरं म्हणजे कुणी शुद्धीवर नसेल तर आधी ९११ (तातडीच्या मदतीचा नंबर), मग घर. दारूसाठीचं वय २१ आहे, म्हणून मुलं पोलिसांच्या भीतीने फोन करत नाहीत. पण पेनसिल्व्हेनियात जो मदत बोलावतो, नाव सांगतो आणि मित्राजवळ थांबतो, त्याला २१ च्या आत प्यायल्याबद्दलच्या खटल्यापासून संरक्षण आहे. ते कलम एक्सेलच्या पहिल्या ओळीत होतं.

मेसेज एकदाच आला, ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी, रात्री पावणेबाराला, एका फ्रॅटर्निटीच्या पार्टीतून. जमिनीवर पडली होती तिची मैत्रीण. वडिलांनी फोन लावला तेव्हा ही तिला कुशीवर वळवून बसली होती. ९११ ला फोन आधीच झाला होता.

मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं. वडील पहाटेच हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पोचले होते. मुलगी बाहेर आली तेव्हा ते सीट मागे करून, चपला काढून, गाडीत झोपले होते. तिने काच वाजवली नाही. समोरच्या दुकानातून दोन कॉफी आणल्या आणि बॉनेटवर बसून राहिली.