रोमांचे सात-आठ-नऊ आणि मुलीची बारावी

प्रश्न : आमची मुलगी बारावी सायन्सला आहे. गणित आणि बायॉलॉजी दोन्ही घेतलंय, पण नीट देणार नाही म्हणते. युरोपातले रोमा आणि आपले बंजारा एकच, असा कुठला तरी व्हिडिओ पाहिल्यापासून 'माणसं कुठून कुठं गेली' हेच शिकायचं, असं तिनं डोक्यात घेतलंय. त्यासाठी डीएनए शिकायचा, संस्कृत शिकायचं की खोदकाम? आणि यात पोट भरतं का? (एक पालक, बार्शी)

उत्तर : सप्रेम नमस्कार. तिन्हींपैकी एक वाट निवडावी लागेल हे खरं, पण ती याच जूनमध्ये निवडायची गरज नाही. आधी हे काम चालतं कसं ते तिच्याच व्हिडिओच्या विषयावरून पाहू.

आज जेवताना तिला रोमांच्या, म्हणजे रोमानी भाषेतले आकडे म्हणून दाखवा : येक, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथपर्यंत आपलेच वाटतात. पुढे मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या, आणि मग परत देश म्हणजे दहा. मधले सात, आठ, नऊ चक्क ग्रीक आहेत. ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या) मुलखात हे लोक बाजारहाट करण्याइतके मुरले होते, त्याची ही खूण. ग्रीकच्या आधीचे फारसी आणि आर्मेनियन शब्दही रोमानीत आहेत. उसने शब्द असे थराथरानं सुटे करत गेलं की इराण, आर्मेनिया, ग्रीक मुलूख आणि मग बाकीचा युरोप अशी वाट दिसायला लागते. नाक, कान, दात हे मात्र इथूनच नेलेले : नख, कान, दांद.

काळाचा अंदाजही भाषेतूनच येतो. मराठीनं तो-ती-ते अशी तिन्ही लिंगं सांभाळली. रोमानीत दोनच उरली. आपलं 'ते घर' तिकडे 'खेर' झालं, तेही पुल्लिंगी. हिंदीसारख्या भाषांतही नपुंसकलिंग असंच मोडलं. म्हणजे ही मोडतोड सुरू झाल्यावरच हे लोक इथून निघाले असणार. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धाआधी नाही, असं भाषाशास्त्रज्ञ धरतात.

लोक स्वतःविषयी काय सांगतात यावर विसंबलं असतं तर मोठा घोळ झाला असता. १४२७ साली पॅरिसला पोचलेल्या एका टोळीनं आपण 'खालच्या इजिप्त'चे असं सांगितलं होतं. रोमांसाठीचा इंग्रजीतला 'जिप्सी' हा शब्द याच इजिप्तवरून आला. १७८२ साली योहान रुडिगर या जर्मन अभ्यासकानं रोमानी आणि हिंदुस्तानी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा इजिप्त मागं पडलं.

जनुकांचा पुरावा फार अलीकडचा. २०१२ साली युरोपातल्या वेगवेगळ्या रोमा गटांच्या जनुकांवर एक मोठा अभ्यास आला. त्यानुसार हे लोक सुमारे १५०० वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले. राल्फ टर्नर या भाषाशास्त्रज्ञानं मात्र १९२६ सालीच, निव्वळ ध्वनींच्या अभ्यासावरून, दाखवलं होतं की रोमानीचं मूळ मध्यवर्ती, म्हणजे हिंदीच्या गोतावळ्यातल्या, भाषांच्या गटात आहे आणि वायव्येचा मुक्काम नंतरचा. मूळ गाव कुठलं आणि निघाले कधी, या दोन्ही बाबतींत भाषा आणि जनुकं तंतोतंत एका रेषेत बसत नाहीत. मला तर या विषयातली सगळ्यात चांगली जागा हीच वाटते. माणसं एक असतात, भाषा दुसऱ्याची उचलतात, लग्नं तिसरीकडे करतात. तो गुंता सोडवणं हेच तुमच्या मुलीचं उद्याचं काम.

आता बंजारांचं. घागऱ्यावरचे आरसे सारखे दिसले म्हणून नातं सिद्ध होत नाही. बंजारांच्या गोरबोलीचं जवळचं नातं राजस्थानी बोलींशी आहे, आणि त्या बोलींना आजचं रूप येण्याआधीच रोमानी वाटेला लागली होती. दोघांचे पूर्वज फार मागं कुठे तरी शेजारी असतील, पण 'एकच' म्हणणं फार झालं. व्हिडिओवाल्यानं यातलं काय तपासलं, हे मुलीलाच विचारा. ती काय उत्तर देते त्यावरून तिचा कल मार्कशीटपेक्षा जास्त कळेल.

माझा सल्ला सरळ आहे : पदवी विज्ञानाची घ्यावी. बीएस्सी झालेल्या मुलीला पुढे पुरातत्त्वात किंवा भाषाशास्त्रात एमए करता येतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, अशी सोय देशात फार ठिकाणी नाही. उलटा प्रवास, म्हणजे बीए करून जनुकशास्त्राकडे, जवळपास बंदच समजा. आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्र सरकारची संस्था), पुणे मिळालं तर उत्तम, नाही तर स्टॅटिस्टिक्स किंवा बायोटेक देणारं चांगलं कॉलेज. स्टॅटिस्टिक्सला नाक मुरडू नका. प्राचीन डीएनए, म्हणजे जुन्या हाडांतला डीएनए, म्हटलं की पांढरा कोट आणि नळ्या असं चित्र असतं, पण बरेच दिवस कॉम्प्युटरसमोर, प्रोग्रॅम चालवण्यात जातात.

आणि जे नळ्यांचं काम आहे, त्याला चिवटपणा लागतो. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पा संस्कृतीच्या ठिकाणी डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. तिथल्या साठहून अधिक नमुन्यांतून वापरण्याजोगा डीएनए मिळाला तो एका बाईचा. आपल्या उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. कानाच्या आतलं घट्ट हाड त्यातल्या त्यात भरवशाचं. हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आणि लखनौची बिरबल साहनी संस्था इथं असं काम चालतं.

तिला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. राखीगढीचा निबंध २०१९ साली आला, त्याच दिवशी सव्वापाचशेच्या आसपास प्राचीन व्यक्तींचा दुसरा निबंधही आला. पहिल्यात त्या बाईत स्टेप प्रदेशातल्या (मध्य आशिया आणि त्यापलीकडच्या गवताळ मैदानांतल्या) लोकांचा वारसा आढळला नाही. दुसऱ्यात तो वारसा इसवी सनपूर्व २००० ते १५०० च्या सुमारास इकडे पोचल्याचं दिसलं. दोन्ही एकत्र नीट बसतात, कारण ती बाई त्याआधीची. तरी ज्यानं त्यानं आपल्या सोयीचा निबंध उचलला आणि आर्य इथलेच की बाहेरचे यावर भांडणं केली. उत्तर आधीच ठरवून या विषयात येणाऱ्यांनी येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोटाचं. एमएस्सीनंतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. कायमच्या जागा थोड्या, जाहिराती रखडतात. तिशीपर्यंत स्थिरस्थावर होण्याची अपेक्षा ठेवू नका. लग्नाची घाई असलेल्या घरात हे आधीच बोललेलं बरं. पण हात रिकामे राहत नाहीत. जनुकीय माहितीचं विश्लेषण येणाऱ्या मुलीला औषध कंपन्या आणि तपासणी प्रयोगशाळा घेतात. फक्त पुरातत्त्व किंवा फक्त भाषाशास्त्र केलं तर तेवढा आधार नाही, हे मोकळेपणानं सांगतो.

संस्कृत बारावीत नसेल तर आत्ता त्याच्या मागे लागू नका. पुढे गरज पडली तर शिकता येतं. खोदकाम मात्र पदवीच्या काळात एकदा तरी पाहू द्या. बहुतेक उत्खननं थंडीत चालतात. तिथं दिवसभर उन्हात बसून खापरं धुवायची आणि त्यांवर नंबर टाकायचे असतात. चार दिवसांत कंटाळली तर प्रयोगशाळेची वाट मोकळी आहेच.

ती नीट देत नाही, तर आयसरची आयएटी ही प्रवेश परीक्षा तरी चुकवू नका. तिचा फॉर्म सीईटीत धरलेला नसतो, वेगळा भरावा लागतो. तारखा आयसरच्या प्रवेशाच्या वेबसाइटवर येतात. बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीत तिकडे दुर्लक्ष होतं, म्हणून ते काम तुम्ही स्वतःकडे घ्या.