'नवीन' आहे, पण 'शोध' आहे का?

विचारणा अशी : एखाद्या वस्तूचे सांधे जोडायला सरस या जुन्या गोंदाऐवजी इपॉक्सी हा कृत्रिम गोंद वापरला आणि तसं आधी कुणीच केलेलं नसेल, तर त्या नव्या गोष्टीला 'शोध' म्हणून पेटंट का मिळू नये? आणि असा पेटंटचा अर्ज नाकारणाऱ्या निर्णयाचं मराठी करताना 'बदल स्पष्ट असल्याने नामंजूर' असं लिहिलं तर चालेल का?

आधी दुसरं घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. 'स्पष्ट' नको. स्पष्ट म्हणजे नीट कळणारं, संदिग्ध नसलेलं. अर्जाच्या बाबतीत तो गुणच झाला. इथे म्हणायचंय ते 'त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगं'. लांबलचक आहे खरं, पण सगळी मेख 'जाणकाराला' या शब्दात आहे.

सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. ओल आणि ऊब लागली की सांधा सुटतो. (व्हायोलिन बनवणाऱ्यांना तो याचसाठी प्रिय : दुरुस्तीला वाद्य न मोडता उघडता येतं.) इपॉक्सी पाण्याला सहसा दाद देत नाही, हे त्या धंद्यात सर्वांना ठाऊक. मग इपॉक्सी लावल्यावर सांधा पाण्यात टिकला, यात कुणाला नवल वाटेल? बदल नवीन, पण शोध नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५१ साली 'हॉचकिस विरुद्ध ग्रीनवूड' खटल्यात हाच विचार केला. दाराची मूठ लाकूड-धातूऐवजी भाजलेल्या मातीची केली होती. ती स्वस्त आणि टिकाऊ असली, तरी न्यायालयाला त्यात कुशल कारागिराच्या हातोटीपलीकडची कल्पकता दिसली नाही.

म्हणून गोंद बदलणं म्हणजे कधीच शोध नाही, असं मात्र नव्हे. समजा, जखमेच्या पट्टीला वेगळा गोंद लावला आणि ती घट्ट बसूनही कातडी न ओढता निघाली. त्या गोंदाच्या माहीत असलेल्या गुणांवरून हे कुणालाच सांगता आलं नसतं, किंवा 'हा इथे धरणारच नाही' असंच जाणकार म्हणत आले होते, तर पारडं फिरतं. फक्त पाहणाऱ्याने सावध राहावं. उत्तर कळल्यावर कोडं सोपंच वाटतं.

'आविष्कार' हा हिंदीतून येणारा पर्याय मला मराठीत रुचत नाही. आपल्याकडे त्याला कलाविष्काराचा वास आहे. 'शोध'च ठेवा, आणि ते वाक्य असं करा : 'बदल नवीन असला, तरी जाणकाराला सहज सुचण्याजोगा असल्याने अर्ज नामंजूर.'