सरंजाम आणि वतन एकच का?

प्रश्न असा आहे: ‘सरंजाम आणि वतन दोन्हींत चाकरीच्या बदल्यात जमीनच मिळायची ना? मग शब्द दोन कशाला?’

कारण चाकरी वेगळी, आणि मिळायचं तेही वेगळं. सरंजामात बहुधा जमीन मिळतच नसे. तोडून मिळे तो मुलखाचा वसूल, म्हणजे महसूल.

सरंजाम मूळचा फारसी. अर्थ तयारी, साहित्य. लग्नाचा सरंजाम म्हणतो तोच हा. सरदाराने ठरलेले घोडेस्वार बाळगावेत, बोलावताच हजर व्हावं, आणि खर्चाला अमुक परगण्याचा वसूल घ्यावा. ही तरतूद म्हणजे सरंजाम. पथकासाठी तो फौजसरंजाम, सरदाराच्या स्वतःच्या खर्चासाठी जातसरंजाम. (या ‘जात’चा जातिपातीशी संबंध नाही. जातमुचलक्यातली ‘जात’ ती हीच: खुद्द, स्वतः.) शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. राजाराम महाराजांच्या काळात खजिना आटला, औरंगजेब दारात, तेव्हा सरदारांना मुलूख नेमून देण्यावाचून इलाज नव्हता. संभाजीपुत्र शाहूंच्या कारकिर्दीत पद्धत रुजली. तत्त्वतः सरंजाम धन्याच्या मर्जीवर. सरदार वारला की मुलाने नजर, म्हणजे नजराणा, भरून नवी सनद घ्यायची. प्रत्यक्षात घराणी पिढ्यानपिढ्या खात राहिली, हा भाग निराळा.

वतन अरबी, मूळ अर्थ मायभूमी, राहतं ठिकाण. मराठीत तो पाटील, कुलकर्णी, देशमुखांच्या वंशपरंपरागत कामाला आणि त्याबरोबरच्या जमिनीला व हक्कांना चिकटला. वतन भावाभावांत वाटलं जाई, विकलंही जाई. राजा बदलला तरी वतनदार गावात तसाच. म्हणून तर आज्ञापत्र या राज्यनीतीवरच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्य वतनदारांना राज्याचे ‘दायाद’, म्हणजे वाटा मागणारे भाऊबंद म्हणतात. सरंजामदाराला काढता येई. याला हात लावणं जड.

पण वतन म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त वाडा येऊ नये. महार वतनही वतनच. हाडोळ्याचा, म्हणजे महार वतनाच्या जमिनीचा, तुटपुंजा तुकडा आणि त्याबदल्यात अख्ख्या घराने रात्री-अपरात्री सरकारी नि गावकीची कामं करायची. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ही वतनपद्धत बदलण्यासाठी विधेयक मांडलं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा यायला 1958 उजाडलं. जमिनीच्या बदल्यात अंगमेहनतीची चाकरी हा अर्थ सर्वांत उघडा दिसतो तो इथे, सरंजामात नव्हे.

यांच्याच जोडीने येणाऱ्या इनामाचं थोडक्यात: ती मुळात देणगी, पुढच्या चाकरीची अट असेलच असं नाही. इंग्रजी अमदानीत मात्र या शब्दाखाली बरंच काही कोंबलं गेलं.

युरोपातल्या फ्यूडलिझमला आपण ‘सरंजामशाही’ म्हणतो. घोडा-तलवार घेऊन धन्यासाठी लढणाऱ्या नाइटपुरता शब्द चपखल आहे. गावच्या पाटलाचा तोरा पाहून ‘सरंजामी वृत्ती’ म्हणतात, ते मात्र मला खटकतं. तिथे ‘वतनदारी’ म्हणा.