विमान उतरलं, पण गोष्ट कुठे गेली?

प्रश्न : ‘लेफ्ट बिहाइंड’ कादंबरी वाचून २०१४चा चित्रपट पाहिला. कथा अर्धवट का वाटते?

उत्तर : अर्धवट कसली, ती सुरुवातच आहे! टिम लाहे-जेरी जेन्किन्स यांच्या १९९५च्या कादंबरीत देव श्रद्धावंतांना स्वर्गात उचलून नेतो, त्यामुळे विमानातले अनेक प्रवासी नाहीसे होतात, कपडे आसनांवर तसेच पडून राहतात आणि पायलट रेफर्ड लंडनची वाट सोडून शिकागोला परततो. खरं कथानक त्यानंतरचं : संयुक्त राष्ट्रांत निकोलाय कार्पेथियाचा, म्हणजे बायबलमध्ये भाकीत केलेल्या ख्रिस्ताच्या शत्रूचा, उदय. निकोलस केजच्या २०१४च्या चित्रपटात हा ख्रिस्तविरोधी येतच नाही. विमान उतरलं की खेळ खलास. कादंबरीत स्टॅनफर्डला शिकणारी रेफर्डची मुलगी क्लोई इथे विमानासाठी रस्ता मोकळा करत फिरते. थरार वाढतो, बायबलच्या भविष्यवाणीचा धागा मात्र तुटतो. कार्पेथिया हवा असेल, तर याच कादंबरीवरचा कर्क कॅमेरॉनचा २०००चा चित्रपट पाहा. निर्मिती बेताचीच, पण कार्पेथियाने केलेला खून पाहूनही साक्षीदारांना तो आठवत नाही, तो प्रसंग त्यात आहे.