थंडी त्यांच्या छातीवर, ओल तुमच्या हातांवर

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाडा चौकापासून जवळच राहतो. ह्यांचं वय 64, बीपी आहे आणि दर डिसेंबर-जानेवारीत दम लागतो. गेल्या जानेवारीत गणपतीपुळ्याजवळ ह्यांच्या चुलतभावाकडे तीन आठवडे राहिलो, तेव्हा एकदाही त्रास झाला नाही. आता इथलं घर विकून तिकडे जुनं कौलारू घर घ्यायचं ह्यांनी मनावर घेतलंय. मला धाकधूक वाटते, पण कारण विचारलं तर सांगता येत नाही. माझं चुकतंय का?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : तुमचं मुळीच चुकत नाही. माझं माहेर रत्नागिरीजवळचं आणि 1983 पासून मी ग्वाल्हेरची सून, त्यामुळे ते कारण मला सांगता येईल.

आधी ह्यांची बाजू, कारण ती खरी आहे. आपल्याकडे पौषात पारा 4-5 अंशांवर येतो, धुकं दहा-दहा वाजेपर्यंत हटत नाही आणि सगळा धूर त्या गार हवेखाली जमिनीलगत कोंडून राहतो. दम्याच्या माणसाला तो बाधणारच. थंडीनं रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून बीपीही चढतं. समुद्र मात्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा 15 च्या खाली जात नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पौषात मी पहाटे अंगणातल्या हंड्यात हात घातला आणि चक्क रडले. सासूबाईंनी माझे दोन्ही हात आपल्या पदरात गुंडाळून शेगडीजवळ धरले होते. (शेगडीवरून आठवलं : बंद खोलीत ती कधीही पेटती ठेवून झोपू नका. कोळशाच्या वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.)

पण तुम्ही पाहिलंत ते जानेवारीतलं कोकण. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. ग्वाल्हेरात वर्षभराचा मिळून 1000 सुद्धा होत नाही. आषाढात माझी आई काडेपेटी चुलीच्या वैलाजवळ ठेवायची. तरी काडी ओढली की गूल पेटायच्या ऐवजी पेटीवर चिखलासारखा पसरायचा. मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं, पापड डब्यातल्या डब्यात सादळायचे. माझ्या लग्नातला शालू मी दोन पावसाळे तिच्याकडे ठेवला होता. घडी उलगडली तर जरीवर पांढरी बुरशी, बोटभर जाड रेघेसारखी, घडीच्या प्रत्येक मोडीवर. आईनं ती मऊ फडक्यानं एकेक मोड उलगडून पुसली. दुपारभर बसली होती.

हे सगळं कोण करतं, ते पाहा. वलणीवरचे न वाळलेले कपडे चुलीवर कोण फिरवतं? वैशाखात धान्याला, मसाल्याला ऊन देऊन चार महिन्यांची बेगमी कोण करतं? दरवर्षीची कौलांची शाकारणी पुरुषमाणसं करतील, पण गळतंय तिथे रात्री पातेली कोण मांडतं? ग्वाल्हेरची थंडी ह्यांच्या छातीवर बसते, तशी कोकणातली ओल तुमच्या हातांवर बसेल. तुमची धाकधूक हीच असावी, आणि ती ह्यांना सांगायला अजिबात संकोचू नका.

आणखी एक गोष्ट दोघांनी मिळून बघायची. ओल दम्याला नेहमीच मानवते असं नाही. बुरशीनं काहींचा दम उलट वाढतो, आणि हे फक्त पावसाळ्यातच कळेल. इथे रात्री-अपरात्री गजराराजा मेडिकल कॉलेजपर्यंत पोचता येतं. गणपतीपुळ्याहून रत्नागिरी शहर सुमारे 25 किलोमीटर, तेही घाटवळणाच्या रस्त्यानं, धो-धो पावसात. आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांतून आणि लूमधून, म्हणजे त्या तापलेल्या कोरड्या वाऱ्यातून, सुटका होईल हे खरं. पण तिकडच्या 33 अंशांतही घाम वाळत नाही, दुपारी खारे वारे सुटतात तेवढाच काय तो दिलासा.

माझं मत विचाराल तर असं : घर विकू नका. निदान आत्ता नाही. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांत उलटेपर्यंत दरवर्षी कोकणात राहा. मंगला एक्सप्रेस ग्वाल्हेरहून थेट रत्नागिरीला जाते, कुठे गाडी बदलावी लागत नाही. घर घ्यायचंच असेल, तर त्याआधी एक आषाढ आणि एक श्रावण तिथे काढा, पाहुणे म्हणून नव्हे तर भाड्याच्या घरात, स्वतः चूल मांडून. ह्यांच्या डॉक्टरांना विचारून औषधं घेऊन जा. ह्या दोन महिन्यांत कपडे वाळवायचं आणि डबे पुसायचं काम ह्यांनी करायचं, हे निघण्याआधीच ठरवा.

विक्रीचा कागद तोवर कपाटातच राहू द्या.