ऊस, हुमणी आणि भेक : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : मोबाईलवर ऑस्ट्रेलियातल्या भेकांचे व्हिडिओ पाहिले. रस्त्यावर नुसता सडा पडलेला. मृगाचा पाऊस झाला की आमच्या अंगणातही दिव्याखाली खरबरीत पाठीचे भेक जमतात. हे तेच का? मारून टाकावेत का? (शेतकरी, औसा, जि. लातूर)

मारू नका. तुमच्या अंगणातला भेक (खरबरीत पाठीचा बेडूक, इंग्रजीत 'टोड') इथलाच आहे. ऑस्ट्रेलियात पसरलेला 'केन टोड' मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आणि तो भारतात रुजलेला नाही. आपल्या भेकाच्या डोक्यावर, डोळ्यांच्या कडेने काळ्या टणक रेघा असतात आणि पाठीवरच्या फोडांची टोकंही काळसर असतात. केन टोड अंगानेही दांडगा. जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात सापडलेला एक तर २ किलो ७०० ग्रॅम भरला होता. तुमच्या दिव्याखाली भेक येतात ते किडे खायला. त्यात पिकाचे शत्रूही असतात. त्यांना खुशाल जेवू द्या.

प्रश्न : हुमणीनं दोन एकर ऊस वाळवला. भेक किडे खातात, तर बाहेरून भेक आणून उसात सोडले तर? (ऊस उत्पादक, माजलगाव, जि. बीड)

तुमची तळमळ समजते. मुळं कुरतडलेला ऊस हाताने ओढला तरी अलगद वर येतो, तेव्हा काय वाटतं हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पण नेमका हाच विचार क्वीन्सलंडच्या ऊसवाल्यांनी केला होता, आणि त्याची किंमत तो देश आजही मोजतो आहे.

तिथेही दुखणं हुमणीचंच होतं. जात वेगळी, पण अळी अशीच जमिनीत राहून उसाची मुळं खाणारी. १९३५ साली हवाईहून शंभराच्या आसपास केन टोड गॉर्डनव्हेल या गावी आणले, त्यांची पैदास केली आणि पिल्लं उसात सोडली. वॉल्टर फ्रॉगट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने धोक्याचा इशारा दिला. त्यावरून सोडणं काही काळ थांबलंही, पण १९३६ मध्ये बंदी उठली.

गणित कुठे चुकलं ते नीट पाहा, कारण आपल्या हुमणीलाही ते लागू आहे. अळी मातीत खोल, तिथे भेक पोचत नाही. त्याच अळीचा पुढे होणारा भुंगेरा उडून झाडाच्या शेंड्यावर पाला खातो, तिथेही भेक पोचत नाही. कोवळ्या उसात दिवसा लपायला सावली नव्हती, म्हणून भेक शेतात टिकलेच नाहीत. ते बाहेर पडले आणि मिळेल ते खात देशभर निघाले. हुमणी होती तिथेच राहिली.

तुमच्या हुमणीचा वर्षातला कच्चा क्षण वेगळाच आहे. वळवाचे किंवा मृगाचे पहिले दमदार पाऊस पडले की भुंगेरे मातीतून वर येतात आणि अंधार पडताच कडुलिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. अंडी घालण्याआधी त्यांना गाठण्याची संधी तेवढीच. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. हे एकट्याच्या बांधावर करून भागत नाही, कारण शेजारच्या शिवारातले भुंगेरे उडून येतातच. सगळं गाव ओळीनं काही संध्याकाळी बाहेर पडलं, तर फरक दिसतो. जोडीला प्रकाश सापळा लावा. अळी लहान असतानाच मेटारायझियम ही अळीला मारणारी बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल असताना द्या. पीक निघाल्यावर खोल नांगरट करा, म्हणजे उघड्या पडलेल्या अळ्या बगळे आणि साळुंक्या टिपतात. बांधावरचे भेक खाली पडलेले भुंगेरे खातील, ती मदत समजा. त्यांच्या भरवशावर मात्र राहू नका.

प्रश्न : एका भेकाने एवढं नुकसान कसं केलं? तिथले साप, घोरपडी त्यांना खात नाहीत का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, नांदेड)

खातात, आणि मरतात. केन टोडच्या मानेमागच्या दोन फुगीर ग्रंथींत हृदयावर घाला घालणारं विष असतं. ऑस्ट्रेलियात मुळात भेक नव्हतेच, त्यामुळे तिथल्या शिकाऱ्यांची या विषाशी कधी गाठ पडली नव्हती. २००१ मध्ये भेक उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात पोचले आणि क्वोल हा लहान मांजराएवढा मांसाहारी प्राणी तिथल्या बऱ्याच भागांतून दिसेनासा झाला. घोरपडी, साप, गोड्या पाण्यातल्या मगरीही मेल्या. एक मादी एका वेळी हजारोंनी अंडी घालते. २००९ मध्ये भेकांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडली. आघाडीवरच्या भेकांचे पाय मागच्यांपेक्षा लांब असल्याचंही संशोधकांना आढळलं, म्हणजे पसरता पसरता पसरण्याचा वेगही वाढत गेला.

आता दुसरी बाजू. आपल्याकडच्या भेकाच्या अंगातही असंच विष आहे, पण आपल्या घोरपडीच्या आणि भेक खाणाऱ्या सापांच्या शरीरात ते पचवणारा बदल फार पूर्वीच झालेला आहे. हाच आशियाई भेक जहाजांच्या मालाबरोबर मादागास्करला गेला आणि २०१४ मध्ये तोआमासिना बंदराजवळ सापडला. तिथल्या बहुतेक शिकारी प्राण्यांना हे विष सोसत नाही. अंगणातला निरुपद्रवी प्राणी समुद्र ओलांडताच संकट ठरतो. अभ्यासाला विषय शोधत असाल तर याहून चांगला मी सुचवू शकत नाही.

प्रश्न : भेकाला हात लागला तर चामखीळ येते का? कुत्र्याने तोंडात धरला तर? (गृहिणी, उदगीर)

चामखीळ येत नाही, ती विषाणूमुळे होते. हात साबणाने धुवा आणि तोवर डोळ्यांना लावू नका. कुत्र्याच्या तोंडातून फेस, लाळ गळत असेल तर त्याची मान खाली ठेवून ओल्या कापडाने हिरड्या आणि जीभ पुसा. पाणी घशात जाऊ देऊ नका. झटके आले किंवा तो लडखडू लागला तर लगेच पशुवैद्यकाकडे न्या.

प्रश्न : मग ऑस्ट्रेलियाला उपाय सापडला की नाही? (शिक्षक, कळमनुरी, जि. हिंगोली)

पूर्ण नाही. लोक रात्री टॉर्च घेऊन भेक वेचतात. त्याने गावापुरती संख्या घटते, पण पुढच्या पावसात ती भरून निघते. दोन युक्त्या मला मोलाच्या वाटतात. केन टोडची पाण्यातली शेपटीवाली पिल्लं आपल्याच जातीच्या विषाच्या वासाकडे ओढली जातात, म्हणून तेच विष आमिष म्हणून ठेवलेल्या सापळ्यात ती हजारोंनी अडकतात. दुसरी ऑस्ट्रेलियातले जीवशास्त्रज्ञ रिक शाइन यांच्या गटाची : भेकांची मोठी फौज यायच्या आधीच लहान भेक सोडायचे. लहान भेक खाऊन घोरपड आजारी पडते, पण जगते, आणि पुढे मोठ्याच्या वाटेला जात नाही.

पाण्याचा उपाय तर आपल्यासारख्या कोरड्या मुलखाला लगेच उमजेल. कोरड्या हंगामात भेकाला दर थोड्या दिवसांनी ओल लागते. तिथे गुरांच्या पाण्याच्या तळ्यांभोवती कापडी कुंपण घातलं, तेव्हा भेक पाण्यावाचून मेले. आता पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबरा या कोरड्या भागाच्या वाटेवर उघडी तळी काढून बंद टाक्या बसवायच्या आणि भेकांना तिथेच अडवायचं, अशी योजना आहे.

प्रश्न : शेततळ्यात मासे सोडायचे आहेत. परक्या प्राण्यांबाबत काय काळजी घ्यावी? (शेतकरी, भोकरदन, जि. जालना)

हा प्रश्न सर्वांनी विचारावा असं मला मनापासून वाटतं. पावसाळ्यात पिवळाधमक होणारा आपला मोठा बेडूक अंदमानात मत्स्यबीजात मिसळून गेला आणि आता तिथल्या इतर बेडकांची पिल्लं फस्त करतो आहे. तेव्हा कटला, रोहू, मृगळाचं बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्या आणि पिशवी तळ्यात ओतण्याआधी टबमध्ये रिकामी करून पाहा. आफ्रिकन मांगूर कितीही स्वस्त मिळाला तरी नको. २००० पासून त्यावर देशात बंदी आहे. तळं भरून वाहिलं की तो ओढ्यात जातो आणि दिसेल तो मासा, बेडूक खातो. नको असलेला मासा जिवंत ओढ्यात सोडू नका. आणि प्लास्टिकच्या गुळगुळीत कडेवरून भेक, साप, मुंगूस वर चढू शकत नाहीत, बुडून मरतात. चारही कोपऱ्यांना गाठी मारलेला जाड काथ्याचा दोर पाण्यात सोडून ठेवा.