आधी झाकण उघड, मग ऑर्डर टाक

अरे, जुना कॉम्प्युटर झटपट चालावा म्हणून एसएसडी (चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घ्यायची म्हणतोयस ना? ती मागवायच्या आधी कॅबिनेटचं झाकण काढून मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवरचा, नंबर वाच. तू म्हणतोस तसा तो एच६१ (इंटेलच्या जुन्या चिपसेटचा बोर्ड) असेल, तर एनव्हीएमईचा, म्हणजे जास्त वेगवान प्रकारच्या एसएसडीचा, विचार सोडूनच दे. त्या बोर्डांवर सहसा ती खोचायचा एम.२ स्लॉट नसतो आणि साटा पोर्टही (डिस्कची केबल जोडायच्या जागा) सेकंदाला ३ गिगाबिटचे. म्हणजे खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी छापलेलं असलं तरी तुझ्या पदरात २७०-२८०च पडणार. पण हिरमुसू नकोस. विंडोज झटकन सुरू होतं ते या आकड्यामुळे नाही. हार्ड डिस्कची चकती फिरून तिचं डोकं जागेवर येईपर्यंत दर बारक्या फाइलमागे जो वेळ जातो, तोच इथे वाचतो.

तेव्हा अडीच इंची साटा एसएसडी घे, ५०० जीबी, शक्यतो टीएलसी (चिपच्या एका पेशीत तीन बिट साठवणारी). क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) थोडी स्वस्त पडते, पण मोठी फाइल कॉपी करताना मध्येच धापा टाकते. ती बसवायची ब्रॅकेट (धातूची चौकट) नसेल तर दुतर्फी टेपनं चिकटव, आत फिरणारं काही नसतंच.

आणि हो, विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेव. मी आळस केला. बूटचा भाग, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा तुकडा, जुन्या डिस्कवरच जाऊन बसला. सहा महिन्यांनी ती काढली, तर मशीन सुरूच होईना!